पेपा पिग पाहून इंग्रजी येतं का? एका सल्ल्याची तपासणी



"इंग्रजी सुधारायचंय ना? मग लहान मुलांची कार्टून बघ." एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात, नेट-सेटचा अभ्यास करताना किंवा पीएचडीच्या मुलाखतीआधी हा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलेला असणारच. देणारं कोणीही असतं: वर्गातली हुशार मैत्रीण, मोठा चुलतभाऊ, इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासची जाहिरात. त्यावर आपण दोनपैकी एक काहीतरी करतो. एक तर हसून सोडून देतो, कारण २३-२४ वर्षांच्या माणसानं डुकराच्या पिल्लाचं कार्टून लावून बसायचं म्हणजे जरा कसंतरीच वाटतं. नाहीतर दोन आठवडे निमूटपणे बघतो, फारसा फरक पडत नाही, आणि मग "आपल्याला भाषाच जमत नाही" असं ठरवून मोकळे होतो.

संशोधनाची तयारी करणाऱ्या माणसानं तिसरी गोष्ट करायला हवी. हा सल्ला म्हणजे एक दावा आहे, आणि दाव्याला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. कोण शिकलं? नेमकं काय शिकलं? कशाच्या तुलनेत? आजच्या लेखात आपण हेच करणार आहोत.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला ते तपासता येईल. सल्ला बरोबर आहे, पण त्यासाठी दिलं जाणारं कारण चुकीचं आहे. कारण चुकलं की पद्धतही चुकते. "मूल जसं नुसतं ऐकून भाषा शिकतं, तसं तुम्हीही शिकाल" हे ते नेहमीचं कारण. खरं कारण वेगळं आहे आणि ते थेट प्रयोगशाळेशी जोडलेलं आहे.

आपल्याला नेमकं कोणतं इंग्रजी येत नाही?

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. त्यात अनेकांचं सेमी इंग्लिश, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. पुढे अकरावी-बारावी, बी.एस्सी., एम.एस्सी. सगळं इंग्रजीतच. हिशेब केला तर सतरा वर्षं होतात. तरीही प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात जीभ अडखळते. का?

तुम्हाला येणारे इंग्रजी शब्द आठवून बघा. फोटोसिंथेसिस, इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी, क्रोमॅटोग्राफी, थर्मोडायनॅमिक्स. लांबलचक, ग्रीक-लॅटिन मुळांचे शब्द. पाठ्यपुस्तकात ते जाड अक्षरात आले, व्याख्येसकट आले, परीक्षेत आले. म्हणून ते पक्के आहेत.

आता प्रयोगशाळेतला पहिला दिवस डोळ्यांसमोर आणा. तिथली सीनियर तुमच्याशी थर्मोडायनॅमिक्सबद्दल बोलत नाही. ती सांगते की फ्लास्क रिन्स कर, नीट ड्रेन होऊ दे, मग सॉल्व्हंट पोअर कर, हळूच स्वर्ल कर, ड्रिप होऊ देऊ नकोस, स्पिल झालं तर लगेच वाइप कर, लिड घट्ट लाव, ट्यूबला फ्लिक कर, बाटलीतलं अ‍ॅसिटोन रन आउट होत आलंय, तेव्हा टॉप अप कर. यातलं एकही क्रियापद विज्ञानाचं नाही. सगळी घरातली आहेत, त्यातही बरीचशी स्वयंपाकघरातली.

गंमत अशी की या प्रत्येक क्रियेसाठी आपल्याकडे मराठीत अगदी नेमका शब्द आहे. रिन्स म्हणजे विसळणं. ड्रेन म्हणजे निथळणं. ड्रिप म्हणजे ठिबकणं. स्पिल म्हणजे सांडणं. सोक म्हणजे भिजत घालणं. क्लॉग म्हणजे तुंबणं. फ्लिक म्हणजे टिचकी मारणं. विसळणं आणि धुणं यातला फरक आईनं आपल्याला कधी समजावून सांगितला नाही, तरी तो आपल्याला पक्का माहीत आहे. पाठ्यपुस्तकी इंग्रजीतून मात्र आपल्याकडे बहुतेक वेळा फक्त वॉश येतो. मग विसळायलाही वॉश, धुवायलाही वॉश, आणि सूचना समजून घेताना गोंधळ.

म्हणजे आपल्या इंग्रजीत जे भोक आहे ते हाताच्या कामांचं आहे. छोटी क्रियापदं, त्यांना लागणारी अप, डाउन, ऑफ, आउट ही शेपटं, आणि वस्तू कशाच्या आत, खाली, मागे, कडेला आहे हे सांगणारे शब्द. हे शब्द अभ्यासक्रमानं गाळले, कारण इंग्रजी घरांतल्या मुलांना ते शाळेआधीच येतात. जी गोष्ट शाळेआधी येते ती शाळेच्या पुस्तकात कशाला असेल?

ती असते शाळेआधीच्या मुलांसाठी बनवलेल्या गोष्टींत. कार्टून इथे येतं.

पेपा पिग: काय चांगलं, काय कमी

आता उदाहरणच घेऊ. पेपा पिग ही ब्रिटिश मालिका. नेव्हिल अ‍ॅस्टली आणि मार्क बेकर यांनी ती तयार केली आणि २००४ च्या मे महिन्यात ती ब्रिटनमधल्या चॅनल फाइव्हवर सुरू झाली. एक भाग साधारण ५ मिनिटांचा. पेपा, तिचा धाकटा भाऊ जॉर्ज, मम्मी पिग, डॅडी पिग, आजीआजोबा आणि शाळेतले मित्र. चित्रं अगदी साधी, मुलानं कागदावर काढल्यासारखी.

भाषा शिकवणारी वस्तू म्हणून तिच्याकडे बघितलं तर तिचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे निवेदक. पडद्यावर जे दिसतंय तेच तो छोट्या, पूर्ण वाक्यात सांगतो. पात्र काही करतं, निवेदक ते सांगतो, मग पात्र त्याबद्दल बोलतं. एकाच क्रियेचा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि दरवेळी क्रिया डोळ्यांसमोर असते. शब्दकोशात पाहून हे मिळत नाही. स्वर्ल आणि स्टर यातला फरक लिहून सांगायला अवघड आणि दाखवायला सोपा असतो.

पॅनकेकचा भाग बघा. पीठ, अंडी, दूध एकत्र करायचं, तव्यावर ओतायचं, उलटवायचं. डॅडी पिगला वाटतं की आपण यात तज्ज्ञ आहोत, तो पॅनकेक जोरात उडवतो आणि तो जाऊन छताला चिकटतो. मग वरच्या मजल्यावर जाऊन उड्या मारून तो खाली पाडावा लागतो. पाच मिनिटांत मिसळणं, ओतणं, उलटवणं, चिकटणं, खाली पडणं एवढ्या क्रिया. यातल्या बहुतेक क्रिया तुम्ही प्रयोगशाळेत आठवड्याभरात करणार आहात, फक्त पॅनकेक नसेल. दुसरा भाग डॅडी पिगचा चष्मा हरवतो तो. सगळं घर शोधतं आणि चष्मा निघतो तो त्याच्याच बुडाखाली. या भागात जागा सांगणाऱ्या शब्दांचा आपोआप सराव होतो. "डब्बा फ्रीजरच्या दुसऱ्या कप्प्यात, डाव्या रॅकच्या मागे आहे" हे इंग्रजीतून न अडखळता सांगता येणं ही प्रयोगशाळेत लहान गोष्ट नाही.

आता कमी काय ते. पहिली गोष्ट, पेपाच्या जगात सगळे एकेक करून, सावकाश आणि स्पष्ट बोलतात. कोणी कोणाचं वाक्य तोडत नाही. खऱ्या लॅब मीटिंगमध्ये असं काही होत नाही. दुसरी गोष्ट, मालिकेची शब्दसंपदा लवकर संपते. पहिल्या वीसेक भागांत तुम्हाला बरंच नवं मिळेल, पुढे तेच ते शब्द परत येत राहतील. चार वर्षांच्या मुलीच्या दुनियेला जेवढे लागतात तेवढेच शब्द तिथे आहेत आणि ते योग्यच आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. निवेदकाला कायम सगळं माहीत असतं. तो कधी "बहुधा", "असं दिसतंय की", "आपण नक्की सांगू शकत नाही" असं बोलत नाही. त्याची भाषा खात्रीची भाषा आहे. संशोधकाची भाषा बरोबर उलटी असते. आपलं निम्मं लेखन "मे", "माइट", "सजेस्ट", "अपिअर टू" यावर चालतं. पेपा पाहून तुम्ही प्रयोग करताना बोलू शकाल, पण प्रयोगाच्या निष्कर्षाबद्दल बोलायला ती तुम्हाला शिकवणार नाही.

ब्लूई: एक पायरी वर

पेपाच्या शेजारी ब्लूई ठेवून बघितलं की फरक चांगला कळतो. ही ऑस्ट्रेलियन मालिका. जो ब्रम यांनी तयार केलेली, ब्रिस्बेनच्या लुडो स्टुडिओत बनलेली, २०१८ साली सुरू झालेली. भाग साधारण ७ मिनिटांचा. इथे निवेदक नाही. ब्लूई आणि बिंगो या दोन बहिणी आणि त्यांचे आईबाबा सतत काहीतरी लुटुपुटीचे खेळ खेळत असतात.

निवेदक नसल्यामुळे काय घडतंय ते तुम्हाला बोलण्यावरून आणि चित्रावरून जोडून घ्यावं लागतं. लोक एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, अर्धी वाक्यं सोडतात, विनोद करतात. उच्चार ऑस्ट्रेलियन, त्यामुळे पहिले काही भाग कानाला जड जातात. पण त्यात असं काहीतरी आहे जे पेपात नाही: वाटाघाट. "शॉप्स" नावाच्या भागात मुलं दुकान-दुकान खेळायला बसतात. कोण दुकानदार, कोण गिऱ्हाईक, हे ठरवण्यातच ब्लूई इतका वेळ घालवते की तिचा मित्र मॅकेन्झी वैतागतो, कारण त्याला फक्त खेळ सुरू करायचा असतो. "आधी हे ठरवू", "मला पटत नाही", "मग तू हे कर, मी ते करते" असा सगळा व्यवहार तिथे चालतो. सामायिक उपकरणावर वेळ वाटून घेताना तुम्हाला हीच भाषा लागणार आहे.

म्हणून माझं मत असं: हाताच्या शब्दांसाठी पेपा, बोलण्याच्या देवाणघेवाणीसाठी ब्लूई. आणि क्रमही तोच.

पण नुसतं बघून शब्द येतात का?

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, आपण हिंदी कुठे शिकलो? डोरेमॉन आणि शिनचॅन बघूनच ना!" हा मुद्दा बिनतोड वाटतो. आपल्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी हिंदी शाळेत सुरू व्हायच्या आधीच कार्टूनमधून उचलली. गावाकडची, घरात कोणी हिंदी न बोलणारी मुलंसुद्धा खेळताना डोरेमॉनच्या हिंदीत बोलायची. मग इंग्रजी का नाही येणार?

थांबा. दोन गोष्टींची तुलना करताना बाकीचं काय काय बदललंय ते आधी बघायचं असतं. हिंदीच्या बाबतीत किमान तीन गोष्टी वेगळ्या होत्या. हिंदी मराठीची जवळची नातेवाईक आहे, वाक्यरचना आणि हजारो शब्द सारखे आहेत. दुसरं, आपण कार्टून रोज तासन् तास, वर्षानुवर्षं पाहिलं, दोन आठवडे नाही. तिसरं, ती हिंदी आपण लगेच खेळात वापरली, सिनेमात ऐकली, बाजारात बोललो. यातला कुठला घटक खरा कारणीभूत होता हे आपल्या आठवणीवरून ठरवता येत नाही. याला गोंधळात टाकणारे चल म्हणतात, आणि तुमच्या संशोधन आराखड्यावरचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा याबद्दलच असतो.

पहिल्या घटकाबद्दल एक छान प्रयोग उपलब्ध आहे. बेल्जियममधल्या द'इडेवाल आणि व्हान द पूल या संशोधकांचा, १९९९ साली प्रसिद्ध झालेला. डच बोलणाऱ्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांना उपशीर्षकांसह एक छोटी फिल्म दाखवली. काहींना परकी भाषा होती फ्रेंच, काहींना डॅनिश. मुलं थोडे शब्द शिकली, पण थोडेच. आणि डॅनिश जास्त शिकली, फ्रेंच कमी. डॅनिश आणि डच या एकाच कुळातल्या, एकमेकींच्या जवळच्या भाषा आहेत. हा निकाल आपल्या डोरेमॉनच्या अनुभवाशी जुळतो. मराठी मुलाला हिंदी म्हणजे डच मुलाला डॅनिश. इंग्रजी आपल्याला तेवढी जवळ नाही, त्यामुळे तेवढीच फुकट कमाई अपेक्षित धरू नका.

आता "मूल जसं शिकतं तसं शिका" या कारणाकडे वळू. मूल पडद्याकडे बघून भाषा शिकतं, हेच मुळात तपासावं लागेल. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या ९ महिन्यांच्या, इंग्रजी घरांतल्या बाळांना मँडरिन ऐकवली. काही बाळांशी मँडरिन बोलणारी खरी माणसं १२ सत्रांत खेळली, त्यांना गोष्टी वाचून दाखवल्या. काही बाळांनी तेच चित्रफितीत पाहिलं, काहींनी नुसतं ऐकलं. खऱ्या माणसांबरोबर खेळलेली बाळं मँडरिनमधल्या ध्वनींचा फरक ओळखायला शिकली. चित्रफीत पाहिलेली आणि नुसतं ऐकलेली बाळं शिकली नाहीत.

हा निकाल वाचून "म्हणजे कार्टून निरुपयोगी" असा निष्कर्ष काढायचा मोह होईल. तसा काढू नका. आपण ९ महिन्यांचे नाही. आपल्याला वाचता येतं, लक्ष कुठे द्यायचं ते ठरवता येतं, थांबवून मागे जाता येतं. शिवाय त्या अभ्यासात मोजले होते ध्वनी, शब्द नव्हे. त्यातून एवढंच निघतं की "मुलं पडद्यावरून आपोआप शिकतात, म्हणून तुम्हीही शिका" या वाक्याचा पहिला अर्धाच भक्कम नाही.

आणि नुसतं भरपूर ऐकणं पुरेसं आहे का? कॅनडातल्या फ्रेंच इमर्शन शाळांमध्ये इंग्रजी घरांतली मुलं वर्षानुवर्षं बरेच विषय फ्रेंचमधून शिकत होती. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की या मुलांचं आकलन उत्तम झालं, पण बोलण्या-लिहिण्यात, विशेषतः व्याकरणात, ती मागे राहिली. त्यांचं म्हणणं असं की भाषा तयार करावी लागते तेव्हाच आपल्याला कळतं की नेमकं काय येत नाही. ऐकताना अर्थ लागला की आपण पुढे जातो. बोलताना मात्र नेमका शब्द नसेल तर वाक्य तिथेच अडतं.

दोन आठवडे कार्टून बघून फरक का पडत नाही, याचं उत्तर इथे आहे. चित्र इतकं स्पष्ट असतं की शब्द न कळताही गोष्ट कळते. जे चित्र शब्द शिकवायला मदत करतं, तेच शब्दाकडे दुर्लक्ष करायची सोयही करून देतं. तुम्ही हसता, भाग संपतो, आणि स्टिक हा शब्द कानावरून निघून जातो.

कार्टूनच्या कक्षेबाहेर काय राहतं?

अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली शैक्षणिक लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची एक यादी प्रसिद्ध केली. शब्दकुटुंब म्हणजे अ‍ॅनालाइझ, अ‍ॅनालिसिस, अ‍ॅनालिटिकल असा एक गट. त्यांच्या संग्रहातल्या शैक्षणिक मजकुरात या यादीनं सुमारे १० टक्के शब्द व्यापले होते. तेवढ्याच मोठ्या कथा-कादंबऱ्यांच्या संग्रहात मात्र जेमतेम १.४ टक्के.

मोठ्यांच्या कादंबऱ्यांत एवढे कमी असतील तर पेपात किती असतील याचा अंदाज तुम्ही करा. कार्टून बघून शोधनिबंध वाचता येईल असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. शोधनिबंधाचं इंग्रजी शोधनिबंध वाचूनच येतं. मात्र उलटही खरं आहे. शेकडो शोधनिबंध वाचलेल्या माणसालाही "झाकण सैल आहे, सांडेल" हे पटकन सांगता येईलच असं नाही. या दोन वेगळ्या गरजा आहेत. एकीचं औषध दुसरीला चालत नाही.

मग बघायचं कसं?

आता पद्धत. एका भागाला साधारण अर्धा तास द्या. आठवड्याला तीन भाग पुरे.

१. हाताची कामं असलेला भाग निवडा: स्वयंपाक, बागकाम, दुरुस्ती, साफसफाई, सामान बांधणं.

२. पहिल्यांदा उपशीर्षकांशिवाय बघा. ज्या क्रियेला तुमच्याकडे इंग्रजी शब्द नाही, ती वहीत मराठीत लिहा. "निथळणं", "पालथं घालणं", "कडेकडेनं ओतणं". आधी मराठीत लिहिल्यानं तुमच्या मेंदूत त्या शब्दासाठी रिकामी जागा तयार होते.

३. दुसऱ्यांदा इंग्रजी उपशीर्षकं लावून बघा आणि त्या रिकाम्या जागा भरा. हिंदी डबिंग नको. मोंतेरो पेरेझ आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १८ अभ्यासांचे निकाल एकत्र करून पाहिले, त्यात त्याच भाषेतली उपशीर्षकं ऐकून समजण्याला आणि शब्द शिकण्याला चांगलीच मदत करतात असं दिसलं.

४. तिसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करा आणि निवेदक व्हा. पडद्यावर जे घडतंय ते मोठ्यानं इंग्रजीत सांगा. फोनवर रेकॉर्ड करा. अडाल तिथे थांबा, शब्द शोधा, पुन्हा सांगा. चारही पायऱ्यांत ही सगळ्यात जास्त कंटाळवाणी आणि सगळ्यात जास्त कामाची.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना किंवा प्रॅक्टिकल करताना तेच शब्द मनात म्हणा. विसळताना रिन्स, निथळत ठेवताना ड्रेन. हात आणि शब्द एकत्र आले की तो शब्द वहीपुरता राहत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजा

शेवटचं काम तुम्हाला देते, कारण तुम्ही संशोधनाची तयारी करताय. वरची पद्धत नुसतं बघण्यापेक्षा चांगली आहे हा माझा दावा आहे. तो तपासा.

एक-दोन भागांमधून तुम्हाला न येणारी २० क्रियापदं काढा. २० चिठ्ठ्या करा, डोळे मिटून दोन गटांत वाटा. पहिल्या गटातल्या शब्दांची दृश्यं फक्त बघायची. दुसऱ्या गटातल्या शब्दांची दृश्यं आवाज बंद करून स्वतः सांगायची. दोन्हीला वेळ सारखाच द्यायचा. दोन आठवड्यांनी मित्राला परीक्षा घ्यायला सांगा: त्यानं क्रिया करून दाखवायची, तुम्ही इंग्रजीत पूर्ण वाक्य बोलायचं. कुठला शब्द कुठल्या गटातला हे मित्राला सांगू नका, नाहीतर तो नकळत एखाद्या गटाला जास्त सांभाळून घेईल.

या प्रयोगात त्रुटी आहेत. सहभागी एकच आहे, तुम्हाला गृहीतक माहीत आहे, शब्द फक्त २० आहेत. या त्रुटी तुम्हाला स्वतःहून दिसल्या असतील तर तुमची तयारी बरी चालली आहे.

हे सगळं मी एवढं खोलात का सांगतेय? कारण प्रयोगशाळेत गप्प राहणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल फार लवकर असं ठरतं की त्याला विषय येत नाही. प्रत्यक्षात त्याला विषय येत असतो, अडलेलं असतं ते "झाकण", "गळतंय", "संपलंय" असल्या शब्दांवर. हळूहळू तो प्रश्न विचारणं बंद करतो, मग उपकरणाला हात लावणं टाळतो, आणि वर्षभरात तो स्वतःच मानायला लागतो की आपण या जागेला लायक नाही. दोन-तीनशे घरगुती शब्दांसाठी एवढी मोठी किंमत मोजायची गरज नाही. चार वर्षांच्या मुलांसाठी केलेलं कार्टून बघण्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. फक्त बघून थांबू नका.

दोन आठवड्यांनी तुमच्या वहीत दोन्ही गटांचे काय आकडे आले ते मला नक्की कळवा. माझा दावा चुकीचा निघाला तरी कळवा.